आज्ज्याच्या ट्रंकेतला जर्मन खंजीर: सुरुवातीचा की नंतरचा?

वाड्यातला_सातारकर

मंडळी, रामराम. बरीच वर्षं इथं नुसता वाचत बसतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा आज्जा पाचव्या मराठ्यांत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत होता, इटलीच्या आघाडीवर. मे १९४५ ला तिकडच्या जर्मनांनी हत्यारं टाकली, तेव्हा एका अधिकाऱ्याकडून सिगारेटच्या दोन पाकिटांच्या बदल्यात एक खंजीर घेतला असं सांगायचा. गोष्ट दर वेळी थोडी बदलायची. कधी तो अधिकारी रडत असायचा, कधी हसत. पाकिटं मात्र दोनच.

तर तो खंजीर. म्यानासकट साधारण ४० सेंमी, नुसतं पातं २६ च्या आसपास. मूठ पिवळट नारिंगी, पीळ दिलेली, तिच्यावर तार नाही. मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या गार्डच्या जागी पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत पानांचं वेटोळं आणि वेटोळ्यात ते चिन्ह. म्यानावर बारीक दाणे आणि ओकच्या पानांच्या दोन पट्ट्या, पट्ट्यांना कड्या.

आमच्याकडे दर खंडेनवमीला तो बाहेर निघायचा. कोयता, विळी, आज्ज्याची काठी यांच्या ओळीत बसायचा. आज्जीला त्यावरचं स्वस्तिक म्हणजे देवाचंच वाटायचं, त्यामुळे कुंकवाचं बोट नेमकं तिथंच. आजही गरुडाच्या पिसांत कुंकू अडकलंय, टाचणीनं काढलं तरी निघत नाही. आणि पूजेआधी चिंच लावून लख्ख घासायची.

गेल्या रविवारी कामानिमित्त पुण्यात होतो, तर जुन्या बाजारात मोबाइलवरचे फोटो एकाला दाखवले. तो म्हणाला, "पंखाच्या टोकाला पितळ दिसतंय. हा अर्ली पीस आहे, अर्ली! हातात घेतल्यावर जड लागतो ना? मग झालंच." विकायचा नाही. पण हे 'अर्ली' ओळखतात कसं, ते समजून घ्यायचंय.

---

चिंचोका

जर्मन गरुडाला चिंच! आमच्या समाजाचा नाहक वापर झाल्याबद्दल तीव्र निषेध. हलकेच घ्या.

जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

---

राईनकाठ

मी नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फला असतो. सोलिंगेन इथून हाकेच्या अंतरावर, आणि या खंजिरांची जवळजवळ सगळी पैदास तिथलीच. ग्रेफ्राथमध्ये जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं संग्रहालय आहे, तिथं माझे बरेच रविवार गेलेत. तेव्हा जरा लांबण लावतो.

तुमच्या वर्णनावरून हा भूदलाच्या अधिकाऱ्याचा खंजीर, ४ मे १९३५ ला मंजूर झालेला नमुना. मुठीवर तार नाही आणि गरुडाच्या पायांत पानांचं वेटोळं आहे, या दोन गोष्टींनीच ते ठरलं. हवाई दलाचा १९३७ चा नमुना साधारण असाच दिसतो, पण त्याच्या मुठीवर तार असते आणि गरुड उडता. आरमाराचा पितळी, सोनेरी मुलाम्याचा, पात्यावर नांगर-जहाजांची नक्षी.

हे लढायचं हत्यार नव्हतंच. गणवेशाचा दागिना. अधिकाऱ्यानं स्वतःच्या पैशानं दुकानातून घ्यायचा. म्हणून एकाच नमुन्यात इतकी विविधता: बनवणारे अनेक, गिऱ्हाइकाची ऐपत वेगळी आणि धातूची उपलब्धता दर वर्षी वेगळी.

'अर्ली' म्हणतात त्याचं मूळ या शेवटच्या मुद्द्यात आहे. सुरुवातीच्या वर्षांत गार्ड, मुठीवरचा गोळा, मुठीखालचं कडं हे सगळं पितळी किंवा तत्सम तांबेमिश्रित धातूचं आणि वर चांदीचा जाड मुलामा. ओतून झालं की कारागीर हातानं कोरणी चालवायचा. पिसाची एकेक शीर, ओकच्या पानाचे देठ कापल्यासारखे तीक्ष्ण दिसतात. पुढं तांबं, निकेल यांची गरज तोफगोळ्यांना लागली. मग ॲल्युमिनियम आलं, मग जस्त. जस्ताच्या भरीवर पातळ मुलामा, कोरणी जवळपास बंद. पिसं दिसतात, पण साबणाच्या वडीवर उठवल्यासारखी मऊ. १९४३ मध्ये उत्पादनच थांबलं.

मुठीच्या रंगावर जाऊ नका. भडक नारिंगी मूठ म्हणजे जुनी, असा समज संग्राहकांत फार आहे. पुष्कळशा मुठी मुळात पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या होत्या, वयानं आणि उन्हानं तांबूस झाल्या. रंग त्या प्लास्टिकवर आणि ठेवण्याच्या जागेवर अवलंबून. माळ्यावरच्या ट्रंकेत साताऱ्याचे पन्नास उन्हाळे काढलेली मूठ काय रंग धरेल, सांगता येत नाही.

बनवणाऱ्याची खूण पात्यावर, गार्डच्या अगदी खाली असते. आयकहॉर्नची खार, डब्ल्यूकेसीचा शिरस्त्राण घातलेला सरदार, रॉबर्ट क्लासचे चोचीत चोच घातलेले करकोचे. आयकहॉर्ननं आपली खार वेळोवेळी बदलली, त्यामुळे खार पाहून पात्याचा काळ बराच बांधता येतो. पात्याचा हं, खंजिराचा नाही. हे सुटे भाग आहेत, आटे फिरवले की मोकळे होतात. सुरुवातीच्या पात्यावर नंतरचा गार्ड चढवणं पाच मिनिटांचं काम.

फोटोवरून अर्ली सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, त्यात मीही आलो. खंजीर उघडून आतून पाहावा लागतो.

---

ओतारी

राईनकाठ यांना +१. फक्त 'जड आहे म्हणजे अर्ली' याबद्दल बोलतो, कारण हयात ओतकामात गेली. शिरोलीला फाउंड्री आहे.

पितळेची घनता साधारण ८.४, जस्ताची ७.१, ॲल्युमिनियमची २.७. ॲल्युमिनियमचा गार्ड हातात घेतल्या घेतल्या कळेल, खेळण्यातला वाटेल. पण पितळ आणि जस्त यांत फरक पंधरा टक्क्यांचा. एवढासा तुकडा तळहातावर घेऊन हा फरक ओळखणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यात नग थोडा जाड ओतला की वजन सारखंच. तुमच्या त्या बाजारातल्या माणसानं तर हातातही घेतला नव्हता.

दुसरं. पंखाच्या टोकाला झिजून 'पितळ' दिसतंय म्हणता. पिवळं दिसतंय की तांबूस? जस्तावर चांदी किंवा निकेल थेट धरत नाही. आधी तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो, मग वरचा मुलामा. वरचा उडाला की खालचं तांबं डोकावतं आणि बघणाऱ्याला वाटतं, पितळ आहे. आमच्याकडे गाड्यांच्या जुन्या जस्ती हँडलांवर हेच दिसतं.

नखाएवढा भाग उजेडात धरा. तांबूस भागाच्या कडेला करडा डाग किंवा फोड आहे का बघा. आणि कृपा करून चिंच थांबवा. जस्ताला आंबट म्हणजे विषच.

---

देशस्थ_इन_पुणे

धाग्यात घुसतो, माफी. आमच्या शेजारच्या काकांकडे एक आहे, निळ्या चामड्याची मूठ, निळं म्यान, साखळी लटकते. तो पण यातलाच का?

---

राईनकाठ

देशस्थ, तो हवाई दलाचा पहिला नमुना, १९३७ च्या आधीचा. आणि त्यात तर हा धातूचा प्रकार आपल्या माणसाला चटकन कळेल. सुरुवातीचे नग जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं-निकेल-जस्त. नंतरचे ॲल्युमिनियमचे. माझी आजी ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं पातेलं' म्हणायची. तर काकांना विचारा, साखळी जर्मन सिल्व्हरची आहे की नुसती जर्मनची?

जर्मन सिल्व्हर असेल तर जड, किंचित पिवळसर झाक, खणखणीत आवाज. ॲल्युमिनियम करडं, हलकं, आवाज बद्द. मधले मिश्र नगही सापडतात, कारखान्यात उरलेले जुने भाग कोणी फेकून देत नाही.

---

मृण्मयी_परांजपे_नाही

मी जरा वेगळा सूर लावते, रागावू नका. ज्या राजवटीनं लाखो माणसं मारली, तिच्या दागिन्याची पिसं मोजत बसायचं? 'अर्ली' म्हणजे काय, तर हिटलर नुकताच आला होता तेव्हाचा. त्यासाठी जास्त किंमत मोजायची, हे मला कसंसंच वाटतं. जर्मनीत म्हणे ते चिन्ह उघड दाखवायलाही बंदी आहे.

---

राईनकाठ

मृण्मयीताई, बंदी आहे, त्यांच्या दंड संहितेचं ८६अ कलम. संशोधन, शिक्षण, इतिहास यांना सूट आहे, पण इथल्या लिलावाच्या यादीत गरुडाच्या पायांखालचा भाग चिकटपट्टीनं झाकलेला दिसतो. तुमचा मुद्दा मी खोडणार नाही. संग्रह करणाऱ्यांत चांगली माणसंही भेटली आणि ज्यांच्याशी पुन्हा बोलू नये असं वाटलं अशीही. मी स्वतः एकही विकत घेतलेला नाही. पण नीट ओळखता आलं नाही तर खोट्याचा बाजार चालतो, आणि युद्धानंतर उरलेल्या भागांतून जोडलेले, किंवा पार नवे बनवलेले नग जगभर फिरतायत. आपल्या देहरादूनकडेही तलवारी-खंजिरांच्या प्रतिकृती बनवण्याचा मोठा उद्योग आहे.

सातारकर, खूण सांगा. आणि हिंमत असेल तर उघडा. मुठीवरचा गोळा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. पक्कड अजिबात नको, ओकची पानं चेमटतील. सुती फडकं गुंडाळून हातानं. हलत नसेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आणि रात्रभर वाट.

---

वाड्यातला_सातारकर

उघडला!

दोन रात्री तेल सोडलं. तिसऱ्या दिवशी मुलानं फडकं धरलं, मी म्यान मांडीत धरलं आणि गोळा 'कुर्र' करून फिरला. आटे चांगले आहेत. मूठ वर सरकवली तर आतून भुसा पडला, काळा, आणि त्यात थोडं कुंकू. म्हणजे कुंकू आतपर्यंत गेलेलं. मूठ बोटानं जोरात घासून वास घेतला, कापरासारखा येतो. आई म्हणाली, देवाजवळ ठेवायचो म्हणून असेल.

पात्यावर गार्डच्या खाली तराजू आहे. दोन पारडी, आत अक्षरं, आणि 'अल्कोसो सोलिंगेन'.

गार्ड काढून उलटा केला. पातं ज्या भोकातून जातं त्याच्या आतल्या भिंतीला मुलामा पोचलेला नाही. तिथं रंग करडा. पितळ नाही, काहीच पिवळं नाही. शिशासारखा करडा, आणि एका कोपऱ्यात पांढरी भुकटी. ओतारीसाहेब, पंखाचं टोक भिंगातून बघितलं, तांबूसच आहे, पिवळं नाही. कडेला दोन बारीक फोड.

गोळ्याच्या आत पण तसंच. म्यानाचं नळकांडं लोहचुंबकाला चिकटतं.

जरा हिरमुसलो, खरं सांगतो.

---

ओतारी

जस्त. शंका नाही. पांढरी भुकटी म्हणजे जस्त खाल्लं गेलंय. भोकाची आतली भिंत कधी खोटं बोलत नाही, कारण तिथं कुणी सजवायला जात नाही. आम्हीपण गिऱ्हाइकाकडून नग परत आला की आधी तळ बघतो.

भुकटी मऊ दातांच्या ब्रशनं कोरडीच झटका. पाणी नको, लिंबू-चिंच नको, पॉलिश नको. हलका मेणाचा हात द्या आणि सुती कापडात गुंडाळा. पेपरात नको, पेपर ओल धरतो.

---

राईनकाठ

सातारकर, हिरमुसू नका. आता एकेक गोष्ट जुळवून बघू.

म्यान पोलादीच असतं, सुरुवातीचंही, त्यामुळे लोहचुंबकानं काही बिघडत नाही. कापराचा वास सेल्युलॉइडचा, म्हणजे मुठीच्या जुन्या प्लास्टिकचा, कारण त्यात कापूर घालतात. आईंना सांगा, देवाचा नाही. आणि एक धोका: सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, जुने टेबल टेनिसचे चेंडू आठवा. निरांजनाजवळ ठेवू नका. इंटरनेटवर तापलेली सुई टोचून परीक्षा घ्या असं कुणी सांगेल, तसलं काही करू नका.

गार्ड जस्ताचा, गोळाही जस्ताचा, दोन्हींचा राप सारखा, कुंकू सगळीकडे सारखं मुरलेलं. म्हणजे सगळे भाग पहिल्यापासून एकत्र आहेत, मध्ये कुणी हात घातलेला नाही. हा नंतरच्या वर्षांतला नग, युद्धकाळातला म्हणा. 'अर्ली' नाही.

पण आज्ज्याच्या गोष्टीशी तो नीट बसतो. युद्ध चालू असताना भरती होऊन अधिकारी झालेला तरुण दुकानात गेला, तर त्याला जस्ताचाच मिळणार. १९३६ चा जाड चांदीचा नग निघाला असता तर तो अधिकारी वयानं मोठा, जुन्या सैन्यातला असला पाहिजे, एवढंच म्हणता आलं असतं. संग्राहक 'अर्ली'च्या मागे लागतात ते किमतीसाठी. कुणाच्या कमरेला होता हे शोधायला नंतरचा नगही तेवढाच उपयोगी.

आता तराजू. मृण्मयीताई, हे तुमच्यासाठीही.

अल्कोसो म्हणजे अलेक्झांडर कोपेल, सोलिंगेन. तिन्ही शब्दांची सुरुवातीची अक्षरं. पारड्यांतली अक्षरं तीच. १८२१ पासूनचं घराणं, गावातल्या मोठ्या कारखानदारांपैकी. आणि ज्यू. १९३६ मध्ये नात्झी राजवटीत कारखाना त्यांच्या हातातून गेला. खूण मात्र तीच राहिली, कारण गिऱ्हाइकाला ती खूण ठाऊक होती. म्हणजे ज्या घराण्याचं नाव पात्यावर आहे, त्यांच्याच कारखान्यात गरुडाखाली ते चिन्ह ओतलं जात होतं, आणि ते स्वतः बाहेर. त्याच घराण्यातल्या डॉ. अलेक्झांडर कोपेल यांना १९४२ मध्ये टेरेझीनश्टाटच्या नात्झी छावणीत धाडलं. त्याच वर्षी ते तिथं वारले. सोलिंगेनमध्ये आज त्यांच्या नावाची शाळा आहे.

तुमचा गार्ड जस्ताचा, म्हणजे हा खंजीर बनला तेव्हा कारखाना कोपेल कुटुंबाचा उरलेला नव्हता.

---

मृण्मयी_परांजपे_नाही

हे माहीत नव्हतं. खूण तशीच ठेवली हे वाचून थांबले. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण सातारकर, तुम्ही उघडलात ते बरं केलंत.

---

काळा_कोट

रसभंग करतो, धंदाच तसला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवार, खंजीर, संगीन हे पाचव्या वर्गात येतात. घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली, नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची सुरीही त्यातच. तुमचं २६ सेंमी म्हणजे सव्वादहा इंच. परवाना लागतो की नाही हे त्या भागापुरती अधिसूचना निघाली आहे का यावर ठरतं, तेव्हा एकदा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. लेखी घ्या. कुरिअरनं कुठंही पाठवू नका, खिशात घालून जुन्या बाजारात तर मुळीच नको.

आणि '८० वर्षं जुना, म्हणजे पुरावशेष झाला' असं कुणी सांगेल. १९७२ च्या कायद्यात वस्तूंसाठी मर्यादा १०० वर्षांची आहे.

---

बेळगावी_कुंदा

अवांतर: सातारकर, आजोबांची पलटण कळली तर आणखी जुळवता येईल. पहिली पाचवी मराठा, म्हणजे पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन, आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती, तिसरी पाचवी दहाव्यात. यशवंत घाडगे तिसऱ्या पाचवीचे, जुलै १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधव पहिल्या पाचवीचे, एप्रिल १९४५, सेनिओ नदी, तेही व्हिक्टोरिया क्रॉस. पेन्शनचं पुस्तक घरात असेल तर त्यावर बघा.

---

वाड्यातला_सातारकर

कुंदा, पुस्तक आहे, काकांच्या कपाटात. किल्ली काकूकडे, काकू पंढरपूरला. आल्यावर बघतो.

काळा कोट, सोमवारी जातो. विकायचा नव्हताच.

राईनकाठ, आईला तराजूवाल्याचं सांगितलं. तिनं पातं हातात घेऊन ती दोन पारडी कितीतरी वेळ बघितली. मग म्हणाली, एवढी वर्षं कुंकू चुकीच्या ठिकाणी लावत होतो की.

एक अडचण. परत जोडलाय, पण आता खंजीर हातात धरला की गरुडाचं तोंड आणि तराजू एकाच बाजूला येतात. आधी असं नव्हतं असं मुलगा म्हणतोय. आणि गोळा पूर्वीपेक्षा अर्धा आटा वर राहतोय.

---

राईनकाठ

मुलाचं बरोबर. बनवणाऱ्याची खूण सहसा मागच्या बाजूला असते, गरुडाच्या पाठीकडे. गार्ड उलटा बसलाय. आणि गार्ड आणि पात्याच्या खांद्यामध्ये एक चामड्याची चकती असते, ती दुमडली गेली असेल, म्हणून आटा राहतोय. जोर लावू नका, जस्ताचे आटे एकदा गेले की गेले. परत उघडा, चकती सपाट करा, गार्ड फिरवा.

भुसा आणि कुंकू टाकून दिलं नाही ना?

---

वाड्यातला_सातारकर

नाही, कागदाच्या पुडीत आहे. चकती खरंच दुमडली होती. बसला.